घरच्या घरी संप आणि रेफ्युजियम: तीन फुटी मरीन टँकसाठी

मरीन टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याचा फिशटँक, लावलेल्या माणसाच्या डोक्यात आज ना उद्या संपचा किडा वळवळतोच, आणि मग रेडिमेड संपची किंमत ऐकली की विषय तिथेच थांबतो. थांबवू नका. संप म्हणजे शेवटी टँकखाली ठेवलेली एक साधी काचेची टाकी, जिच्यात वरचं पाणी पडतं आणि पंपाने परत वर जातं, आणि आत उभ्या चिकटवलेल्या तीन-चार काचपट्ट्या, हे घरी जमण्यासारखं काम आहे, फक्त कॉकिंग गन (सिलिकॉन भरायची पिचकारी) हातात घ्यायच्या आधी वही-पेन घेऊन बसायची तयारी पाहिजे. मुंबईतल्या वन बीएचकेमध्ये, ट्रॉलीच्या कपाटात मावेल असा संप आणि त्यातच एक छोटं रेफ्युजियम कसं करायचं ते सांगतो. माप म्हणून ३६ × १८ × १८ इंचाचा टँक धरतोय, कारण आपल्याकडे हॉलमध्ये साधारण तेवढाच बसतो. तुमचं माप वेगळं असेल तर हिशोब तोच ठेवा, आकडे बदला.

संप कशासाठी, तर सिस्टिममधलं एकूण पाणी वाढतं, हीटर, स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र), थर्मामीटर असलं सगळं खाली लपतं, पृष्ठभागावरचा तेलकट थर सतत खाली ओढला जातो, आणि बाष्पीभवन कितीही झालं तरी वरच्या टँकची पातळी हलत नाही. रेफ्युजियम म्हणजे त्या संपमधलाच एक कप्पा जिथे मासे पोहोचत नाहीत, तिथे शेवाळ वाढवायचं, ते नायट्रेट-फॉस्फेट खाऊन वाढतं, आपण ते कापून बाहेर काढतो म्हणजे तेवढं न्यूट्रियंट घराबाहेर गेलं, आणि त्या शेवाळाच्या जाळीत कोपेपॉड, अँफिपॉड असे इवलेसे जीव, म्हणजे पॉड्स, निवांत पिल्लं घालतात. मॅंडरिनसारखा मासा पाळायचा विचार असेल तर पॉड्सचा असा कायमचा साठा नसताना आणूच नका, बहुतेक मॅंडरिन उपासमारीनेच जातात.

आधी लाईट गेल्यावरचं पाणी मोजा

सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, बाकी सगळं याच्यावर ठरतं. लोक संप किती मोठा मावेल ते बघतात, किती कप्पे करायचे ते बघतात, पण पंप बंद पडला की वरून किती पाणी खाली येणार हे बघत नाहीत आणि मग पहिल्यांदा लाईट गेली की लादीवर खारं पाणी आणि खालच्या मजल्यावरचे काका दारात.

हिशोब सोपा आहे. लांबी × रुंदी × उंची इंचात गुणायची आणि ६१ ने भागायचं, लिटर मिळतात. आपला टँक ३६ × १८ × १८ म्हणजे ११६६४, भागिले ६१, साधारण १९० लिटर. आता पंप बंद झाला की टँकमधलं पाणी ओव्हरफ्लोच्या (जिथून वरचं पाणी खाली पडतं त्या दातेरी कप्प्याच्या) दातांच्या खालच्या कडेपर्यंत उतरतं, आणि पाणी परत वर आणणाऱ्या रिटर्न पाइपचं तोंड पाण्यात बुडलेलं असेल तर तेही उलटं सायफन करून पाणी खेचत राहतं, तोंड उघडं पडेपर्यंत. समजा दोन्ही मिळून पातळी १ इंच उतरली, तर ३६ × १८ × १ भागिले ६१ म्हणजे जवळजवळ ११ लिटर. त्यात ओव्हरफ्लो बॉक्समधलं आणि पाइपातलं मिळून ४-५ लिटर धरा. म्हणजे संपला चालू असतानाच्या पाण्यावर आणखी १६ लिटर पोटात घेता आले पाहिजेत, कडेपासून थोडी जागा ठेवून.

आता उलटा प्रसंग. ड्रेन पाइपात गोगलगाय अडकली आणि पंप मात्र चालूच आहे. पंप रिटर्न कप्पा, म्हणजे संपमधला तो स्वतः बसतो तो कप्पा, पूर्ण उपसून वर टाकणार. आपला रिटर्न कप्पा ७ इंच लांब, साडेतेरा इंच रुंद आणि पाणी ७ इंच, म्हणजे ११ लिटरच्या आसपास, वरच्या टँकमध्ये १ इंचाच्या थोडं वर पातळी चढणार. म्हणून वरच्या टँकची पाण्यावरची मोकळी कड दीड इंच तरी पाहिजे. यावरून लक्षात येईल की रिटर्न कप्पा मोठा असला की टॉप-अप (उडालेलं पाणी भरणं) कमी वेळा करावा लागतो पण वरून सांडायचा धोका वाढतो. दोन्ही सांभाळूनच माप ठरतं.

या दोन्ही गोष्टी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावून सुटतात असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. खाऱ्या पाण्यात तो व्हॉल्व्ह शेवाळ आणि चुनखडी बसून काही महिन्यांत नीट बंद होणं सोडून देतो, शिवाय काहींच्या आत धातूची स्प्रिंग असते. लावायचा तर लावा, पण तो नाहीच असं धरून संप बनवा.

टाकी आणि मापं

ट्रॉलीच्या आत मोजा, आणि दाराचं तोंड वेगळं मोजा. आत ३२ इंच जागा आहे पण दार उघडल्यावर तोंड २६ इंचाचंच, हे फार कॉमन आहे. उंचीही बघा, स्किमरचा कप रोज-दोन रोज काढायचा असतो, संपच्या कडेवर हात आणि कप दोन्ही जातील एवढी मोकळी जागा हवी. इथे मी ३० × १४ × १६ इंचाची टाकी धरतोय, ६ एमएम काच.

टाकी स्वतः पाच काचा जोडून करण्यापेक्षा फिशटँकवाल्याकडून साधी टाकी बनवून घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. बाहेरचे जोड पक्के असणं हा जिवाचा प्रश्न आहे आणि ते लोक रोज तेच काम करतात. आतल्या पट्ट्या, म्हणजे बॅफल, मात्र घरी लावा, कारण तुमच्या स्किमरला किती पाणी लागतं, तुमचा पंप केवढा, हे तुम्हालाच माहीत असतं, आणि त्यातून थोडं पाणी झिरपलं तरी काही बिघडत नाही. क्रॉफर्ड मार्केटच्या मासेवाल्यांकडे किंवा कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारात विचारा, बहुतेक जण मापाने टाकी करून देतात. काच लोकलने आणायच्या भानगडीत पडू नका, टॅक्सी किंवा टेम्पो करा.

बॅफलच्या काचा ५ एमएम पुरतात. रुंदी मोजताना टाकीची आतली रुंदी घ्यायची: १४ इंच म्हणजे ३५५ एमएम, त्यातून दोन बाजूंच्या काचा १२ एमएम गेल्या, राहिले ३४३. बॅफल ३४० कापा, दोन्हीकडे दीड-दोन एमएम सिलिकॉनला जागा राहते. अगदी घट्ट बसणारी काच मागवू नका, आत उतरवताना घासली जाते, सिलिकॉन पुसलं जातं आणि एखादवेळेस टाकीला तडा जातो. काचवाल्याला कडा मशीनवर घासून द्यायला सांगा, पुढे वर्षानुवर्षं त्या संपमध्ये तुमचा हात जाणार आहे.

कप्पे डावीकडून उजवीकडे असे. पहिला १० इंचाचा, यात वरून ड्रेन पडतो, फिल्टर सॉक (गाळायची पिशवी) आणि स्किमर इथेच. मग साडेनऊ इंच उंचीचं बॅफल, तळाला चिकटलेलं. दुसरा कप्पा ९ इंचाचा, हेच रेफ्युजियम. त्यानंतर बबल ट्रॅप, म्हणजे तीन काचा सव्वा-सव्वा इंचाच्या अंतराने: पहिली तळाला चिकटलेली ९ इंच उंच, दुसरी तळापासून सव्वा इंच वर उचललेली आणि तिची वरची कड १२ इंचावर, तिसरी परत तळाला चिकटलेली ८ इंच उंच. पाणी पहिलीच्या वरून, दुसरीच्या खालून, तिसरीच्या वरून जातं, आणि या खाली-वर जाण्यात बुडबुडे वर निघून जातात, पंपात शिरत नाहीत. उरलेला ७ इंच रिटर्न कप्पा. सगळी बेरीज काचांच्या जाडीसकट साडेएकोणतीस इंचात बसते.

या उंचीने स्किमरला कायम साडेनऊ इंच पाणी मिळतं, आणि ते कमी-जास्त होत नाही ही मोठी गोष्ट आहे, कारण पातळी हलली की स्किमर एक दिवस कोरडा आणि दुसऱ्या दिवशी उतू जाणार असं होतं. तुमच्या स्किमरला ७ इंचच लागत असेल तर खाली पीव्हीसीचा अडीच इंचाचा स्टूल करा, बॅफल कमी करू नका.

लाईट गेली की आधी रिटर्न कप्पा बाकीच्यांच्या पातळीला येईल, मग सगळी टाकी एकत्र चढेल, आणि वरचे १६ लिटर येऊन पाणी साडेअकरा इंचाच्या आसपास थांबेल. टाकी १६ इंचाची आहे. म्हणजे झोप लागेल.

सिलिकॉन

सिलिकॉन असिटिक क्युअरवालं घ्या, उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तेच. ट्यूबवर बुरशीरोधक, अँटी-फंगल, किचन-बाथरूमसाठी असं काही लिहिलं असेल तर ती परत ठेवा, त्यातलं औषध पाण्यात उतरतं. आणि बॅफलसाठी अॅक्रिलिक वापरू नका, काचेच्या टाकीत अॅक्रिलिकला सिलिकॉन नीट धरत नाही, वर अॅक्रिलिक पाणी शोषून वाकतं.

काचा आणि टाकीचा आतला भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा अॅसिटोनने पुसा. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि सुगंध असतो. टाकीच्या बाहेरून मार्करने बॅफलच्या रेषा मारा, गुण्यात मारा, आणि आतून त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, मध्ये काचेची जाडी आणि बाजूला पाव-पाव इंच एवढीच पट्टी उघडी. उचललेल्या काचेखाली सव्वा इंचाचे दोन लाकडी ठोकळे ठेवा, बबल ट्रॅपच्या मध्येही तेवढेच, म्हणजे काचा सरकत नाहीत.

आता काच रेषेवर उभी करा, आणि सिलिकॉनची धार वरून खालपर्यंत एका दमात ओढा, मध्ये थांबलात की तिथे गाठ येते. लगेच साबणाच्या पाण्यात बोट बुडवून एकदाच, पुन्हा सांगतो एकदाच, हलक्या दाबाने कोपरा गोल करत खाली आणा आणि साय धरायच्या आत टेप सोलून काढा, थोडी तिरकी आणि बाहेरच्या दिशेला. टेप निघते तेव्हा मागे अशी सरळ स्वच्छ कड राहते की दुकानातल्या संपपेक्षा चांगली दिसते. उशीर केलात तर टेपबरोबर सिलिकॉनचे तंतू येतात आणि कड फाटते, म्हणून एका वेळी एकच बॅफल घ्या, आणि पंखा बंद ठेवा. पंखा चालू असला की साय पटकन धरते.

सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने पिकतं, त्यामुळे मुंबईच्या हवेत वरून लवकर सुकल्यासारखं वाटतं पण आत कच्चं असतं. आंबट वास पूर्ण जाईपर्यंत थांबा, आठवडा गेला तरी जाऊ द्या. मग टाकी बाथरूममध्ये किंवा बाल्कनीत वर्तमानपत्रावर ठेवून नळाच्या पाण्याने काठोकाठ भरा आणि दोन दिवस तशीच सोडा. पेपर कोरडा राहिला तर टाकी पास. हे पाणी नंतर फेकून द्या, त्यात थोडाफार आंबटपणा उतरलेला असतो.

ओव्हरफ्लो आणि पाइप

वरच्या टँकला भोक पाडणं हाच खरा रस्ता आहे. काचेला डायमंड होलसॉने भोक पडतं, पण टफन काच असेल तर भोक पाडताच तिचा चुरा होतो, म्हणून बनवणाऱ्याला आधी विचारून खात्री करा. भोकाचं माप टँक निपल (भोकात बसणारा पाइपचा जोड) हातात आल्यावर त्यावरूनच घ्या, नुसतं एक इंची म्हणून नको, प्रत्येक कंपनीचा चुडीचा घेर वेगळा असतो. नवीन टँक करत असाल तर बनवणाऱ्याकडूनच मागच्या काचेला भोकं पाडून घ्या, दोन-चारशे वाचवायला घरी प्रयोग करण्यात अर्थ नाही. भोक न पाडता काठावर लटकवायचे सायफनवाले ओव्हरफ्लो बॉक्स मिळतात, पण त्यातल्या यू आकाराच्या नळीत हवा साठून सायफन तुटला की पंप वरचा टँक भरतच राहतो, म्हणून मला ते पटत नाहीत.

ड्रेनला दोन पाइप घाला, एक इंची युपीव्हीसी. पहिला पूर्ण सायफनवर चालणारा, त्यावर व्हॉल्व्ह, आणि खालचं तोंड संपच्या पाण्यात जेमतेम इंचभर बुडलेलं. दुसरा इमर्जन्सी, वरचं तोंड पहिल्यापेक्षा उंच, त्यावर व्हॉल्व्ह कधीही नाही. रीफवाले याला हर्बी म्हणतात. व्हॉल्व्ह थोडाथोडा बंद करत गेलं की पाइपातली हवा निघून जाते आणि रात्रभर चालणारा तो गुडगुड आवाज पूर्ण थांबतो, हॉलमध्येच झोपणाऱ्यांच्या घरात याची किंमत कळते. पहिला पाइप चोंदला तर पाणी दुसऱ्यातून धो धो पडायला लागतं, तो आवाजच तुमचा अलार्म.

एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: पाण्याला लागणारं काहीही पितळेचं किंवा जीआयचं (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचं) नको. नागदेवी स्ट्रीटला पाइपचं सामान घेताना दुकानदार सवयीने पितळी गेट व्हॉल्व्ह पुढे करतो, दिसायला मजबूत, पण पितळ म्हणजे तांबं आणि तांबं म्हणजे कोळंबी, गोगलगाय, कोरल यांना विष. प्लॅस्टिकचाच व्हॉल्व्ह मागा, युपीव्हीसी बॉल व्हॉल्व्ह चालतो, थोडा जास्त हलक्या हाताने फिरवावा लागतो एवढंच. व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना युनियन (खोलता येणारा जोड) घाला, नाहीतर पुढे साफ करायला पाइप कापावा लागेल. सोल्यूशन लावल्यावर दिवसभर सुकू द्या आणि आधी गोड्या पाण्याने धुवून घ्या.

रिटर्न पाइपला पाण्याच्या पृष्ठभागाच्या जरा खाली एक छोटं भोक ड्रिल करा, लाईट गेल्यावर तिथून हवा शिरून सायफन तुटतो. त्या भोकात शेवाळ बसतं, आठवड्याच्या साफसफाईत टूथब्रश फिरवा. फक्त त्या भोकाच्या भरवशावर राहू नका, पाइपचं तोंडच पृष्ठभागाजवळ ठेवा.

पंप आणि पहिली चाचणी

संपमधून तासाला टँकच्या चार-पाच पट पाणी फिरलं की पुरे, म्हणजे आपल्याला ८०० ते १००० लिटर. टँकमधला प्रवाह वेव्हमेकरने करा, पंपाकडून करून घेऊ नका. पण बॉक्सवरचा आकडा शून्य उंचीचा असतो. संपमधल्या पाण्यापासून टँकच्या काठापर्यंत चार फूट, म्हणजे १.२ मीटर आणि वर एल्बोचा अडथळा, त्यामुळे २००० लिटरचा आणि अडीच मीटर हेडचा (जास्तीत जास्त तेवढं उंच पाणी चढवणारा) पंप घेतला तर वर जेमतेम निम्मं पोहोचेल, आणि आपल्याला तेच हवंय. डीसी पंप महाग आहे पण वेग कमी करता येतो आणि वॅट कमी खातो. पाण्यात बुडलेल्या पंपाने खाल्लेले वॅट शेवटी उष्णता होऊन पाण्यातच जातात, आणि मुंबईत आपण आधीच टँक थंड कसा ठेवायचा या विवंचनेत असतो.

खारं पाणी टाकायच्या आधी सगळं नळाच्या पाण्यावर चालवा. संपमध्ये चालू पातळीची रेष मार्करने मारा. मग पंपाचा स्विच बंद करा आणि उभं राहून बघा पाणी कुठे थांबतं, तिथे दुसरी रेष. हे चार-पाच वेळा करा, परत चालू केल्यावर सायफन आपोआप धरतो का तेही कळतं. त्यानंतर मुख्य ड्रेन हाताने बंद करून बघा इमर्जन्सी पाइप एकटा सगळं पाणी घेतो का, आणि शेवटी दोन्ही बंद करून रिटर्न कप्पा रिकामा होईपर्यंत वरचा टँक सांडतो का. चारही झाल्या की मगच मीठ फोडा.

वजनाचाही विचार करा. पाणी, काच, दगड, संप, ट्रॉली मिळून साडेतीनशे किलोच्या घरात जातं. राहत्या खोल्यांसाठी भारतीय मानकात लादीवर साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर भार धरलेला असतो, तो खोलीभर पसरलेला. म्हणून टँक खोलीच्या मधोमध नको, बीमवर उभ्या असलेल्या भिंतीला लागून ठेवा, आणि जुनी चाळ किंवा दुरुस्तीला आलेली बिल्डिंग असेल तर सोसायटीच्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय अजिबात नको. संपखाली थर्माकोल किंवा योगा मॅटसारखी शीट घाला आणि पाणसळ लावून सपाटी तपासा.

वीज. एक्स्टेन्शन बोर्ड ट्रॉलीच्या तळाला कधीच नाही, वरच्या कोपऱ्यात भिंतीला स्क्रूने. प्रत्येक वायर प्लगमध्ये जायच्या आधी खाली झोळ देऊन वर चढली पाहिजे, म्हणजे वायरीवरून ओघळणारा थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो. आणि टँकच्या लाइनवर ३० मिलीअँपचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या, लोहार चाळीत सहज मिळतो, इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या तासाचं काम. खाऱ्या पाण्यात हात घालून काम करणाऱ्याने इथे हात आखडता घेऊ नये.

रेफ्युजियम

खूप जण रेफ्युजियममध्ये चार-सहा इंच वाळूचा थर घालतात. खोल थरात ऑक्सिजन नसलेला भाग तयार होतो, तिथले बॅक्टेरिया नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात, हे खरं आहे. पण आपल्या कप्प्यात पाणीच ९ इंच, निम्मं वाळूने खाल्लं तर शेवाळाला जागा उरत नाही. म्हणून तळाला एगक्रेटची (प्लॅस्टिकच्या चौकोनी खणांची) जाळी पायांवर उभी करा, त्यावर मूठ-दोन मूठ ड्राय रॉकचे (कोरड्या सच्छिद्र दगडाचे) तुकडे, आणि वर शेवाळ. जाळीखाली गाळ साठतो तो सायफनच्या नळीने ओढून घेता येतो. बबल ट्रॅपच्या पहिल्या काचेवर प्लॅस्टिकची जाळी लावा, नाहीतर शेवाळाचे तुकडे पंपात जातात.

शेवाळ म्हणजे चिटो, कीटोमॉर्फा. हिरव्या नायलॉनच्या दोऱ्याच्या गुंत्यासारखं दिसतं, कुठे चिकटत नाही, कापायला सोपं. मूठभर मिळालं तरी पुरतं, एखाद्या जुन्या हॉबीवाल्याकडून मागून घ्या, कोणीही आनंदाने देतो कारण त्याला ते फेकायचंच असतं. आणल्यावर पांढऱ्या ताटलीत खारं पाणी घेऊन त्यात पसरून बघा, एप्टेशिया (टँकभर पसरणारं त्रासदायक छोटं अॅनिमोन) दिसली तर तेवढा भाग काढून टाका. पाणी रेफ्युजियममधून हळूच गेलं पाहिजे असं सांगतात, पण चिटोला प्रवाह आवडतो, आणि तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरून येत असल्यामुळे एका फेरीत ते किती वेळ थांबलं याने फरक पडत नाही. गोळा हळूहळू गोल फिरत राहिला तर सगळ्या बाजूंना उजेड मिळतो.

कॉलर्पा हे दुसरं शेवाळ दिसायला सुंदर, पण नको. एक तर ती एखाद्या रात्री प्रजननपेशी सोडून पूर्ण पांढरी पडते आणि खाल्लेलं सगळं पाण्यात परत ओकते. दुसरं म्हणजे तिचा छोटासा तुकडासुद्धा नव्याने वाढतो. १९८४ मध्ये मोनॅकोच्या समुद्रशास्त्र संग्रहालयाजवळच्या समुद्रात कॉलर्पा टॅक्सिफोलिया सापडली आणि तिथून भूमध्य समुद्राच्या तळावर पसरत गेली. २००० साली कॅलिफोर्नियाच्या एका खाडीत सापडली तेव्हा ती संपवायला सहा वर्षं लागली. म्हणून कोणतंही शेवाळ गटारात, नाल्यात, समुद्रात टाकायचं नाही.

दगडांबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. मढच्या किंवा कार्टर रोडच्या खडकांवरून दगड, शेवाळ उचलून आणू नका. तिथल्या पाण्यात सांडपाणी मिसळतं हे एक, आणि मोठं कारण म्हणजे दगडी कोरल, सी फॅन, समुद्रघोडे हे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहेत. मुंबईच्या किनाऱ्यावरही कोरल आहेत, कोस्टल रोडच्या कामात हाजी अली आणि वरळीची कोरल उचलून दुसरीकडे लावावी लागली होती. बाजारात कोणी समुद्रातून काढलेला लाइव्ह रॉक किंवा कोरल देऊ केला तर घेऊ नका. सिरॅमिक किंवा ड्राय रॉक दोन-तीन महिन्यांत जिवंत होतोच, म्हणजे त्यात बॅक्टेरिया वस्ती करतात.

लाईटला महागडं काही लागत नाही, १०-२० वॅटचा पांढरा एलईडी फ्लडलाईट चालतो, आयपी६५ वाला (पाणी उडालं तरी चालणारा), संपच्या कडेपासून थोडा वर आणि बाजूने झाकलेला, म्हणजे उजेड रिटर्न कप्प्यात सांडून पंपावर शेवाळ येत नाही. टायमर असा लावा की वरचा लाईट विझला की हा लागेल. रात्री वरच्या टँकमध्ये प्रकाशसंश्लेषण थांबतं, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच उतरतो, तेव्हा खालचं शेवाळ तो खात असतं. बेडरूममध्ये एसी लावून खिडक्या बंद करून झोपणाऱ्यांच्या घरात हवेतलाच कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि त्यामुळेही पीएच घसरतो, तिथे या उलट्या वेळेचा फायदा जास्त दिसतो. रात्री दहानंतर टॉर्च मारून संपची काच बघा, काही आठवड्यांनी त्यावर पांढरे ठिपके टुकटुक उड्या मारत असतात, ते कोपेपॉड. तेवढे दिसले की रेफ्युजियम लागलं समजा.

पाणी, उन्हाळा, पावसाळा

बाष्पीभवनाने फक्त पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून टॉप-अप नेहमी गोड्या आरओ-डीआय (फिल्टरने क्षार काढलेल्या) पाण्याने, खाऱ्याने नाही. उडालेलं सगळं पाणी रिटर्न कप्प्यातच कमी दिसतं, आणि आपला कप्पा छोटा आहे, १ लिटर गेलं की पातळी पाऊण इंचाला थोडी कमी उतरते. दिवसाला ३ लिटर उडालं तर दोन इंच. एक दिवस विसरलात की पंप हवा ओढायला लागणार, म्हणून ऑटो टॉप-अप लावा किंवा निदान फ्लोट व्हॉल्व्ह आणि वर गोड्या पाण्याचा कॅन. कॅन मात्र मोजून, सगळा एकदम रिकामा झाला तरी संप सांडणार नाही एवढाच.

एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये संपच्या पृष्ठभागावर छोटा पंखा मारा. एक लिटर पाणी उडताना सव्वादोनशे लिटर पाण्याची दोन-अडीच डिग्री उष्णता घेऊन जातं, चिलरशिवाय एवढा फरक बराच आहे. पण पावसाळ्यात हवाच ओलीचिंब असते, पंखा कितीही फिरवा पाणी उडत नाही आणि तापमान उतरत नाही, आणि नेमकं तेव्हाच टॉप-अपही कमी लागतो. जून आला की फ्लोटची सेटिंग आणि सॅलिनिटी (खारेपणा) दोन्ही तपासा, विशिष्ट गुरुत्व १.०२५ वर राहायला पाहिजे.

लाईट गेलेली असताना बॅकअपवर रिटर्न पंप नाही, वेव्हमेकर किंवा बॅटरीचा एअर पंप ठेवा. माशांना ऑक्सिजन वर हवा असतो. आणि रेफ्युजियम काही तास अंधारात राहिलं तर काही होत नाही.

चिटोचा गोळा कप्पाभर झाला की तिसरा हिस्सा काढा, जास्तीत जास्त निम्मा. काढलेलं लगेच फेकू नका. संपमधलंच पाणी बादलीत घेऊन त्यात गोळा जोरजोरात हलवा, पॉड्स सुटून तळाशी येतात, ते पाणी जाळीने गाळ काढून टँकमध्ये परत ओता. नायट्रेट ५ ते १० पीपीएमच्या आसपास राहू द्या, फॉस्फेट ०.०३ ते ०.१. दोन्ही शून्यावर गेले तर चिटो पांढरं पडून विरघळायला लागतं आणि टँकमध्ये तपकिरी चिकट डायनो (डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव) यायची भीती असते, अशा वेळी रेफ्युजियमचा लाईट दोन-तीन तासांनी कमी करा, माशांना थोडं जास्त खायला द्या. आणि कापलेलं शेवाळ गच्चीवर कडक उन्हात पूर्ण वाळवून मगच कचऱ्यात टाका. कुंडीत घालायचं असेल तर आधी गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुवा, नाहीतर मिठाने झाड जळेल.